‘एकही गाणं पूर्ण वाजवलं नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शिकागोच्या त्या रात्रीबद्दल मी लिहिलेल्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली, ती मी तीन-चारदा वाचली. तिथल्या तिथे चार ओळींत उत्तर देता आलं असतं. पण तुम्ही वेळ काढून, मनापासून लिहिलं आहेत, तेव्हा मीही सविस्तरच लिहिते.

मूळ लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी: जानेवारी २०१९ मध्ये मी आणि कोल्हापूरहून आलेला माझा थोरला भाऊ, आम्ही दोघं शिकागोत ब्लूजचे गिटारवादक-गायक बडी गाय यांना ऐकायला गेलो होतो. जागा त्यांच्याच मालकीची, साउथ वॉबॅश रस्त्यावरचा ‘लेजंड्स’ क्लब. दर जानेवारीत ते तिथे बऱ्याच रात्री स्वतः वाजवायला उभे राहत. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. तुमचं म्हणणं असं, की तुम्ही त्यांना २०११ साली वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत ऐकलंत आणि हिरमुसून घरी आलात. एकही गाणं धड पूर्ण केलं नाही. निम्मा वेळ हेंड्रिक्स, क्लॅप्टन, हूकर अशा दुसऱ्या गिटारवाल्यांच्या नकला. टॉवेलने गिटार वाजवायची, ड्रमच्या काठीने वाजवायची, मधेच उतरून लोकांत फिरायचं, ही सर्कस. बाकी सगळं तेच ते बारा बार, म्हणजे ब्लूजचं बारा खंडांचं ठरीव आवर्तन. आणि शेवटचं वाक्य मला लागलं, ते असं: ‘तुम्ही संगीत ऐकलं नाहीत, एका म्हाताऱ्या माणसाचं वय ऐकलंत. त्यापेक्षा घरी बसून त्यांच्या जुन्या रेकॉर्ड ऐका.’

आधी माझी चूक. मी त्यांना ‘मिसिसिपी डेल्टाचा सुपुत्र’ म्हटलं होतं, ते साफ चुकलं. त्यांचा जन्म ३० जुलै १९३६ चा, लुइझियानातल्या लेट्सवर्थ नावाच्या खेड्यातला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवायचे. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार. शिवाय टॉवेलचा तो भाग मलाही फारसा आवडला नव्हता, आणि तसं मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

आता जुन्या रेकॉर्डबद्दल, कारण माझ्या मते सगळं तिथेच अडलं आहे.

तुम्ही ‘त्यांचं खरं काम’ म्हणून साठच्या दशकातल्या, शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डकडे बोट दाखवता. त्या रेकॉर्ड माझ्याकडेही आहेत आणि मी त्या पुष्कळ ऐकते. पण त्या काळात बडी क्लबात जसं वाजवत होते, तसं त्या कंपनीने त्यांना स्टुडिओत वाजवूच दिलं नाही. कंपनीचे मालक लेनर्ड चेस यांना तो नुसता गोंगाट वाटायचा. ॲम्प्लिफायर इतका मोठा, की तारांचा सूर घोंगावत मागे फिरतो, एक सूर ताणून ताणून पार किंकाळीपर्यंत न्यायचा, हे सगळं बाहेर. आत यायचं तर आवाज खाली. म्हणून बहुतेक वेळ ते दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर मागे साथीला बसले आणि दिवसा बंद पडलेल्या गाड्या ओढणारा टो-ट्रक चालवला. पुढे एरिक क्लॅप्टन यांचा क्रीम हा रॉक बँड आणि जिमी हेंड्रिक्स हाच आवाज घेऊन आले, त्यांच्या रेकॉर्ड धडाधड खपल्या, तेव्हा लेनर्ड चेसनी बडींना बोलावून घेतलं, त्यांच्यासमोर पाठमोरे वाकले आणि म्हणाले, घाला लाथ, तुम्ही हेच आम्हाला देत होतात आणि आम्हाला कळलं नाही. हा किस्सा बडी स्वतः सांगत आले आहेत.

म्हणजे जो बडी गाय तुम्ही जुन्या रेकॉर्डमध्ये शोधता आहात, तो तिथे निम्माच सापडतो. उरलेला क्लबात, माणसांसमोर होता. पहिला ग्रॅमी मिळाला तो १९९१ च्या अल्बमसाठी, म्हणजे तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. त्याआधीची कितीतरी वर्षं अमेरिकेत त्यांच्याशी करार करायला कुणी तयार नव्हतं. अशा माणसाला समोर बसून ऐकायची हौस मला का, याचं उत्तर यातच आहे.

नकलांचं म्हणाल, तर हेंड्रिक्स आणि क्लॅप्टन यांच्या बाबतीत तुम्ही गाडी उलटी धरली आहे. क्लॅप्टननी १९६५ मध्ये लंडनला बडींना तीनच जणांच्या संचात ऐकलं, आणि तीन जणांचा बँड काढायची कल्पना तिथून आली हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. हेंड्रिक्स १९६८ मध्ये न्यूयॉर्कला टेपरेकॉर्डर घेऊन यांच्या कार्यक्रमाला जाऊन बसले होते. तेव्हा बडी जेव्हा क्रीमची एखादी ओळ ड्रमच्या काठीने तारांवर वाजवतात, तेव्हा आपल्याच घरून गेलेली वस्तू ते हातात घेऊन बघत असतात, असं मला वाटतं.

बडींच्या आधीच्या पिढीतले ब्लूज गायक-गिटारवादक जॉन ली हूकर यांची गोष्ट मात्र खरोखर वेगळी आहे. लेट्सवर्थच्या घरात वीज नव्हती. लहानपणी बडींनी आईच्या खिडकीच्या जाळीतल्या तारा ओढून काढून त्यांचं वाद्य केलं होतं, आणि त्या भोकांतून डास आत यायचे म्हणून घरच्यांना पत्ता लागला. वीज आली, रेकॉर्ड ऐकायची सोय झाली, आणि गिटारवर जी पहिली गोष्ट त्यांना नीट जमली ती हूकर यांचं ‘बूगी चिलन’. त्या रात्री त्यांनी मधेच हूकरच्या आवाजात, पाय आपटत, दोन ओळी म्हटल्या आणि सोडून दिल्या. तुम्ही तिथे असतात तर म्हणाला असतात, झाली नक्कल सुरू. मला दिसला तो बारा-तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा पहिला धडा. हूकर २००१ मध्ये गेले. ब्लूजचे मोठे गायक मडी वॉटर्स १९८३ मध्ये. बी. बी. किंग २०१५ मध्ये. आम्ही गेलो त्याच्या चारच महिने आधी ओटिस रश गेले होते, बडींच्या बरोबरीने शिकागोत उमेदवारी केलेले. त्या पिढीतलं आता कोण उरलंय? या सगळ्यांना प्रत्यक्ष ऐकलेला माणूस त्यांच्या दोन-दोन ओळी म्हणून दाखवत असेल, तर गाणं पूर्ण झालं की नाही हे मोजावंसं मला वाटत नाही.

आपल्याकडे कीर्तनाला बसलेला माणूस बुवांनी अभंग अर्धाच म्हटला अशी तक्रार करत नाही. अभंगाचं एक चरण घेतलं, तिथून आख्यानात गेले, मधे एक ओवी, एक दृष्टान्त, पुन्हा त्याच चरणावर आले. सगळे चरण म्हटले का, हे कुणी विचारत नाही. बडी गाय यांच्या रात्रीची घडण मला या जातीची वाटते. तुम्ही ख्यालाच्या मैफलीचं माप घेऊन गेलात, म्हणून ते तोकडं पडलं.

लोकांत फिरणं हेसुद्धा असंच कुठून तरी आलेलं आहे. लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात तरुण बडी गिटार स्लिम या ब्लूज गिटारवादकाला ऐकायला गेले. गिटारचा आवाज ऐकू येतोय आणि रंगमंचावर गिटारवाला नाही! लांबच लांब वायर, आणि लालभडक सूट घातलेले गिटार स्लिम बाहेरून, दारातून, एकाच्या खांद्यावर बसून वाजवत येताहेत. बडींनी तेव्हाच ठरवलं की वाजवायचं बी. बी. किंगसारखं आणि वागायचं गिटार स्लिमसारखं. गिटार स्लिम १९५९ मध्ये, अवघ्या बत्तिशीत गेले. ती चाल चालणारा माणूस मी २०१९ मध्ये पाहिला, माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर.

आणि आता ते, जे मी मूळ लेखात नीट लिहिलं नाही. तुमच्या प्रतिक्रियेमुळे ते माझ्या लक्षात आलं.

तिथे जागा राखून मिळत नव्हती, जो आधी येईल त्याला टेबल. आम्ही दुपारीच जाऊन थंडीत रांगेत उभे राहिलो होतो, त्यामुळे जवळचं टेबल मिळालं. कार्यक्रम सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. बँड जोरात, बडींची ती ठिपक्याठिपक्यांची स्ट्रॅटोकास्टर गिटार सगळ्यांच्या वर. (ते ठिपके आईसाठी. शिकागोला जाताना त्यांनी आईला थाप मारली होती की पैसे मिळवून ठिपक्यांची कॅडिलॅक घेऊन येईन. आई १९६८ मध्ये गेली.) आणि वाजवता वाजवता त्यांनी उजव्या हाताची करंगळी आवाजाच्या बटणाला लावली. ते बटण त्या गिटारवर तारांच्या अगदी खाली असतं, हात न हलवता करंगळी पोचते. आवाज उतरत गेला. ड्रमवाल्याने काठ्या जवळजवळ टेकवूनच ठेवल्या. आवाज आणखी उतरला. ॲम्प्लिफायरमधून येणारा सूर संपला आणि नुसत्या तारेचा सूर उरला, माजघरात कुणी तंबोरा जुळवत असावं इतका. मागे बारवर ग्लासात बर्फ पडला तो ऐकू आला. कुणीतरी बोललं. बडींनी वाजवणं थांबवलं नाही, फक्त मान वर करून तिकडे पाहिलं, आणि तेही बंद झालं. मग ते माइकपासून दोन पावलं मागे सरले आणि माइकशिवाय गायले. ८२ वर्षांचा गळा, शेकडो माणसांची खोली, आणि शेवटच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाला शब्द ऐकू जात होता.

दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘हे वाजवत का नाहीत?’ अगदी तुमचाच प्रश्न. मी उत्तर द्यायच्या आत करंगळी फिरली आणि एकच सूर पूर्ण आवाजात आला. दादाने टेबलाची कड धरली. माझ्या हातातला चमचा खाली पडला.

हे तुम्हाला कुठल्याही रेकॉर्डवर मिळणार नाही, कारण रेकॉर्डवर शांतता म्हणजे फक्त शांतता. तिथे ती चार-पाचशे माणसांनी श्वास धरून राखलेली होती, आणि ती कशी राखायची हे बडी साठ वर्षं शिकत आले होते. सप्टेंबर १९५७ मध्ये ते शिकागोला आले तेव्हाचे साउथ साइडचे, म्हणजे शहराच्या दक्षिण भागातले, क्लब म्हणजे कारखान्यातून सुटून आलेली माणसं, दारू, मोठमोठ्याने गप्पा. तिथे ऐकवायचं तर आधी लोकांचं लक्ष हिसकावून घ्यायला लागायचं. तुम्ही ज्याला सर्कस म्हणता, ती त्यांच्या कामाची हत्यारं आहेत. आणि हो, यात वय आहेच. ते मी ऐकलं, आणि कीव म्हणून ऐकलं नाही. बाविसाव्या वर्षी कुणी आवाज इतका खाली आणून लोकांना इतका वेळ थांबवून ठेवू शकेल असं मला वाटत नाही. तुमच्याकडे मडी वॉटर्स यांचा १९६४ चा ‘फोक सिंगर’ हा अल्बम असेल तर तो काढा. त्यावर मडींच्या शेजारी साधी, विजेशिवायची गिटार घेऊन बसलेले आहेत ते सत्तावीस वर्षांचे बडी गाय. मी सांगते आहे त्या शांततेचं बी तुम्हाला तिथे सापडेल. ही एक जुनी रेकॉर्ड मात्र तुमच्या बाजूने आहे, हे कबूल करते.

कार्यक्रमाचा शेवट तुटक होता, हे तुमचं निरीक्षण शिकागोलाही लागू पडलं. बँड वाजतोच आहे, बडी पुढच्या लोकांना गिटारचे पिक (तारा छेडायच्या छोट्या चकत्या) वाटताहेत, आणि बघता बघता माणूस आत गेलेला. मलाही अजून हवं होतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

राहिले तेच ते बारा बार. यावर मी बोलण्यापेक्षा दादाचं सांगते, कारण तो माझ्यापेक्षा जाणता आहे. चाळीस वर्षं भजनाला पेटी धरतो. ब्लूज त्याने त्या रात्रीपर्यंत कधी ऐकलेलं नव्हतं. पहिल्या दोन-तीन आवर्तनांतच त्याने बोटावर मोजून बारा धरले, कुठे षड्जावरून मध्यमावर जातात, कुठे पंचमावर, ते मला सांगितलं आणि तुमच्यासारखाच म्हणाला, ‘एवढंच आहे की.’ मग त्या शांततेनंतरच्या आवर्तनात मी पाहिलं, तर त्याचा उजवा हात टेबलावर पेटीवर ठेवावा तसा, आणि दोन बोटं एकाच जागी अडखळताहेत. बडी तार ढकलत होते, कोमल गंधाराच्या वर, शुद्ध गंधाराच्या खाली, आणि तिथेच थांबत होते. परत येताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. हायवेला लागल्यावर म्हणाला, ‘त्यांची ती जागा पेटीवर नाही गं.’

मी त्याला सांगितलं की पियानोवाल्यांनाही हीच अडचण असते, त्यांच्याकडेही दोन पट्ट्यांच्या मधे काही नसतं. म्हणून ब्लूजवाले कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर बोट घसरवतात, नाहीतर दोन्ही पट्ट्या एकदम दाबतात. मडी वॉटर्स यांच्या बँडमधले पियानोवादक ओटिस स्पॅन हे फार सुरेख करायचे. तो काही बोलला नाही.

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला गेले होते. सकाळी सातला खालच्या खोलीतून पेटीचा आवाज आला. भाता हळू चालला होता आणि दोन्ही गंधार एकदम वाजत होते, पुन्हा पुन्हा.