इंजिन नंबर जुळला नाही म्हणून रेसची गाडी डुप्लिकेट होत नाही

आपल्या बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यातल्या गाडीवेड्यांच्या ग्रुपांत एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय, लिलावात कोट्यवधींना जाणाऱ्या जुन्या रेसिंग गाड्या बहुतेक डुप्लिकेट असतात, कारण इंजिन नंबर जुळत नाही, अर्ध्याच्या वर पार्ट बदललेले, रिस्टोअर केली, म्हणजे दुरुस्त करून पहिल्यासारखी केली, की मूळ गाडी संपली, आणि खरी ओळखायची एकच खूण म्हणजे चॅसी (गाडीचा सांगाडा) नंबरची पट्टी, शेवटी ‘आपल्या सरकारचा नियम पण हेच सांगतो’ असा शिक्का. वाचताना पटतं, त्यात वाद नाही. पण ज्यानं लिहिलंय त्यानं रोजच्या वापरातल्या गाडीचा हिशोब रेसच्या गाडीला लावलाय.

इंजिनाचं आधी उरकतो. रेसच्या टीमकडं इंजिनं ही बदलायचीच वस्तू, प्रॅक्टिसला एक, रेसला दुसरं, फुटलेलं कारखान्यात जायचं आणि दुरुस्त होऊन कधी भलत्याच गाडीत बसायचं. चार-पाच सीझन पळालेल्या गाडीत अजून पहिलंच इंजिन आहे असं कोण सांगूलालाय तर मी उलट जास्त चौकशी करीन.

आता पार्ट बदलल्याचा मुद्दा, खरा मामला इथं आहे. आणि ह्याच्यावर कोर्टाचा निकालच आहे, 1990 चा, लंडनच्या हायकोर्टातला. गाडी बेंटली स्पीड सिक्स, नाव ‘ओल्ड नंबर वन’, 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल माँची 24 तासांची रेस जिंकलेली. सौदा ठरला 1 कोटी पौंडांना, आणि मग घेणारी कंपनी म्हणाली ही ती गाडीच नव्हे. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं हो, कारण ह्या गाडीला पुढं 8 लिटरचं मोठं इंजिन बसवलं, 1932 ला इंग्लंडातल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवरच्या 500 मैलांच्या रेसमध्ये तिचा अपघात झाला, त्यात ड्रायव्हर क्लाइव्ह डन्फी गेला, त्यानंतर तिच्यावर कूपेची, म्हणजे बंद टपाची, बॉडी चढली, म्हणजे कोर्टात उभी राहिली तेव्हा तिच्यात ल माँ जिंकलेल्या गाडीचं लोखंड फारच थोडं उरलेलं, चॅसी आणि इंजिन दोन्ही 1932 च्या अवतारातली. मेसेजवाल्याच्या हिशोबानं विषय इथंच संपला. पण जज ओटन यांनी निकाल दिला विकणाऱ्याच्या बाजूनं. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या, गाडी 1929 च्या मूळ अवस्थेत नाही हे मान्य, पण बदल टप्प्याटप्प्यानं होत गेले, मध्ये कधी गाडी मोडून संपली आणि मग कुणी नव्यानं उभी केली असं झालं नाही, म्हणून ओळख तीच राहिली. कंपनीनं ठरलेला सौदा पाळावा असा निकाल लागला.

आपल्याकडं जमीन घेताना उतारा बघतात तसंच आहे हे. फेरफार किती झाले ह्यानं उतारा खोटा ठरत नाही, मधला एखादा फेरफार गायब असला की मात्र वकील गाठावा लागतो. गाडीचं पण तेच, कुठल्या साली कुणाकडं होती, काय तुटलं, कुणी बसवलं, ही साखळी सलग पाहिजे.

चॅसीच्या पट्टीवर एवढा विश्वास का बसतो हे मला कळतं. आरटीओत पेन्सिल घासून चॅसी नंबरचं ट्रेसिंग घेतात, तो जुळला की काम झालं, मग पुढं केए 22 असो नाहीतर एमएच 09. पण युरोपातल्या टीम रेससाठी सारख्या बॉर्डर ओलांडायच्या, कस्टमच्या कागदावर ज्या गाडीचा नंबर ती ऐनवेळी तयार नसली तर तिचीच पट्टी काढून दुसरीवर ठोकायची, असे प्रकार सर्रास व्हायचे. शिवाय पट्टी म्हणजे काय ओ, पत्र्याचा तुकडा आणि रिव्हेट, आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात एका दुपारी तयार होईल. म्हणून जाणकार पट्टीवर थांबत नाहीत, फ्रेमवर ठोकलेले पंचचे नंबर बघतात, वेल्डिंग बघतात, त्या काळच्या फोटोतला ठिगळ आज त्याच जागी आहे का बघतात, आणि कास्टिंगचा मेटल ग्रेड बघायला तर स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत काय काय मिसळलंय ते सांगणारं, आपल्या फाउंड्रीवाल्यांच्या रोजच्या वापरातलं मशीन. 2007 ला एक ऑटो युनियन डी टाइप, ही जुनी जर्मन रेसची गाडी, पॅरिसच्या लिलावात येणार होती, ती नेमकी कुठली चॅसी ह्यावर शंका निघाली आणि लिलावाआधीच मागं घेतली.

सरकारी नियमाचं म्हणाल तर 2021 चा नियम आहे, 50 वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींचं व्हिंटेज म्हणून रजिस्ट्रेशन, मूळ स्वरूपाची अट, नवीन नोंदणीला 20,000 रुपये, नंबरात ‘व्हीए’. तो नियम रस्त्यावर आणायच्या गाडीच्या नोंदणीचा, ल माँला कुठली गाडी पळाली हे तो ठरवत नाही. तसंच एफआयएचा, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचा, हिस्टॉरिक पासपोर्ट दाखवून कुणी ‘बघा अस्सल’ म्हणत असेल तर त्यालाही भुलू नका. गाडी त्या काळच्या स्पेसिफिकेशनमध्ये आहे एवढंच तो कागद सांगतो. हुबेहूब नवी बनवलेली गाडी पण त्यात बसू शकते.

राहिलं रिस्टोरेशन. फेरारी 250 जीटीओची 3851 नंबरची गाडी 1962 मध्ये फ्रान्समधल्या मोंत्लेरी ट्रॅकवर ठोकली, ड्रायव्हर आँरी ओरेये गेला, गाडी दुरुस्त होऊन परत पळाली आणि 2014 च्या लिलावात 3 कोटी 80 लाख डॉलरच्या वर गेली. अपघात सगळ्यांना माहीत, लपवलेला नाही, म्हणून किंमत पडली नाही. उलट जग्वारनं 2014 ला सहा लाइटवेट ई टाइप, म्हणजे रेससाठी हलक्या केलेल्या गाड्या, काढायचं जाहीर केलं, 1963 मध्ये 18 ठरलेल्या, 12 च झालेल्या, उरलेले सहा चॅसी नंबर आता वापरले. कंपनी तीच, नंबर खरे, पट्टी पण खरी. मेसेजच्या कसोटीनं ह्या अस्सल ठराव्यात, पण त्या काळात एक रेस पळालेल्या नाहीत आणि जग्वार पण तसा दावा करत नाही.

एका बाबतीत मेसेजवाल्याचा राग मला पटतो. काही रिस्टोरर जुना रंग, पुटी, ठोकलेल्या जागा सगळं घासून गाडी शोरूमपेक्षा चकचकीत करतात, आणि ज्या खुणांवरून ती ओळखता आली असती त्याच भंगारात जातात. अशी गाडी कुणी दाखवली तर मी आधी काढलेले पार्ट कुठं ठेवलेत ते विचारीन, आणि काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो मागीन.