कापड पेठ आणि तोडलेले अंगठे

सांगलीच्या कापड पेठेचा जुना फोटो लावून एक मेसेज ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय: ही दुकानं मुळात विणकरांचीच, इंग्रजांनी सातारा-सांगलीकडच्या विणकरांचे अंगठे तोडले, माग बंद पडले, आणि आता हाताचं विणलेलं आपल्याकडे काहीच उरलं नाही.

आधी अंगठे. ही गोष्ट बंगालची. ईस्ट इंडिया कंपनीचाच माजी नोकर विल्यम बोल्ट्स याने १७७२ मध्ये लिहिलं की, जुलमाने रेशीम उकलायला लावतात म्हणून काही कारागिरांनी स्वतःचेच अंगठे कापून घेतले. म्हणजे कापणारे स्वतः कारागीरच, आणि तेही विणकर नव्हेत, रेशीम उकलणारे. तेव्हा साताऱ्यात छत्रपतींची गादी होती आणि सांगली संस्थान वेगळं निघायलाही जवळपास तीस वर्षं होती. कंपनीने इथे कुणाचे अंगठे तोडायचे?

मग माग का बसले? इंग्रजांना यातून सोडवायचं नाहीये. विलायती कापड त्यांच्याच राज्यात आलं, रेल्वेने तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचलं. पण पहिला घाव बसला तो घरात चरख्यावर सूत काढणाऱ्या बायकांना, आणि त्यांचं नाव या मेसेजमध्ये कुठेच नाही. गिरणीचं सूत स्वस्त पडलं, तेव्हा कोष्टी-साळ्यांनी तेच मागावर चढवलं आणि तग धरला. सूतकताई मात्र गेली. आल झाडाच्या मुळांचा लाल रंग १८६९ नंतर कारखान्यातल्या रंगापुढे टिकला नाही. पुढे १९०४ मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला. त्यांना काय अंगठेतोडे म्हणायचं?

दुकानं विणकरांची, हे तर पेठेत कुणालाही विचारा. विणणारा वेगळा, विकणारा वेगळा. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून यायचे, इरकली लुगडी इलकलहून. पेठेतला व्यापारी माल उचलायचा, उधारीवर विकायचा. दुकानाचा इतिहास हवा असेल तर माळ्यावरच्या खतावण्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, काढा: माल कुठल्या गावचा, हुंडी कुठल्या पेढीवरची, बाकी कुणाच्या नावावर. जुन्या वह्या मोडी लिपीत असतील, तर वाचणारा गाठावा लागेल. पाटीवरच्या 'स्थापना' सालावर विसंबू नका; ते या जागेचं असेलच असं नाही. त्यासाठी सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघावी. आणि हे लवकर करा. २००५ आणि २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं होतं, आणि भिजलेली वही पुन्हा वाचता येईलच असं नाही.

राहिलं 'काहीच उरलं नाही'. विट्याचे यंत्रमाग सोडा, ते हातमाग नव्हेत. पण माण, आटपाडी, जतकडे सणगर अजून चिंचोक्याची खळ लावून जमिनीत खड्डा करून बसवलेल्या मागावर घोंगडी विणतात. थोडेच आहेत, आणि त्यांच्यापुढे आज उभं आहे ते पानिपतचं स्वस्त ब्लँकेट.