हापसा बसवावा तो असा

हापसा मंजूर झाला म्हणता? पेढे द्या. आणि जागा ठरवताना पाण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. हापसा कुणाच्या दारात, हा खरा प्रश्न. तालेवाराच्या गोठ्याला लागून घेतला की म्हशींची सोय होते आणि उकिरडाही हाताशी राहतो.

पाणाड्याला मात्र बोलवाच. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर फिरेल आणि नारळ उभा राहील तो नेमका बोअरची गाडी सहज वळते तिथंच. आपल्या काळ्या खडकात पाणी असतं ते भेगांत आणि सांध्यांत. ते शोधायला भूजलवाले यंत्र लावतात, बिचारे.

बोअर मारावं ऑगस्ट-सप्टेंबरात. पाणी वर आलेलं असतं, फोटोत धार जाड दिसते. मे महिन्यात मारलं तर खरी पातळी कळते, आणि खरं कळून कुणाचं भलं झालंय? बोअरच्या आत पाणी उचलणारं सिलिंडरही पावसाळ्यातल्या पाण्यापुरतंच खाली सोडा, पाइप वाचतात. वाचलेले कुठं जातात ते विचारू नये. (मांडवाला बरे पडतात.)

ओटा सकाळी टाका, संध्याकाळी नारळ फोडा. सिमेंटवर आठवडाभर पाणी मारा म्हणतात. पाणी असतं तर हापसा कशाला मागितला असता? चार महिन्यांत खांब हलतो, ओटा फुटतो, धुण्याचं पाणी भेगेतून पुन्हा बोअरमध्ये. याला जलपुनर्भरण म्हणावं.

देखभालीचं तर नावच काढू नका. जालन्यात आणि सोलापुरात घडलेल्या पंपांवरून 1970 च्या दशकात 'इंडिया मार्क दोन' हापसा निघाला आणि पार आफ्रिकेत जाऊन पोचला. त्याचं मागणं एवढंच, की अधूनमधून साखळीला ग्रीस लावा, नट आवळा. आतला वॉशर झिजला की मात्र रॉडबरोबर पाइपही उपसावे लागतात, त्याला चार-पाच गडी हवेत. 'मार्क तीन'मध्ये पाइप जागेवर ठेवून नुसता दट्ट्या वर ओढता येतो. म्हणून तो चुकूनही मागू नका. गावातल्या दोन पोरी पाना धरायला शिकल्या तर तालुक्याला खेटे कोण घालणार?

आमच्या शेजारच्या मावशी पहाटे मोजून हापसतात. गेल्या वर्षी पंधराव्या हापशाला पाणी यायचं, यंदा साठाव्याला. "वॉशर गेला असंल रे," म्हणाल्या. मी सांगितलं, अर्ज करा, पण 'हापसा बंद' असं लिहू नका. कागदावर तो चालू आहे, उगाच चौकशी लागेल.

"बरं," म्हणाल्या, "तू दांडा धर, मी कळशी लावते."

धरला. चाळीसपर्यंत मी मोजलं. पुढचे वीस मावशींनीच मारले.