दाराला डांबर, आणि वाटेतला वूडहेड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अनॉनिमस या मुखवट्याआडच्या हॅकर-गटाने 2011 च्या आंदोलनात ट्युनिशियाच्या सरकारी साइटचं पान बदललं, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "रात्रीतून दुसऱ्याच्या दाराला डांबर फासून पळायचं आणि म्हणे आंदोलनाला पाठिंबा! मुखवट्यामागे कोण आहे हे तरी माहितीय का?" झोंबलं. म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

आधी माझी चूक. 'हॅकर्सनी सरकार हलवलं' हे शीर्षक फुगवलेलंच होतं. तिथल्या सिदी बुझिद गावात मोहम्मद बुअझिझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं 17 डिसेंबर 2010 ला. अनॉनिमसवाले उगवले 2 जानेवारीच्या सुमारास. मधले दोन आठवडे लोक लाठ्या-गोळ्या खात रस्त्यावर होतेच. 14 जानेवारीला राष्ट्राध्यक्ष बेन अली पळाला तो त्यांच्यामुळे, स्फॅक्ससारख्या शहरात कामगारांनी केलेल्या संपामुळे. पंतप्रधानांच्या साइटवर कुणी पत्र चिकटवलं म्हणून नव्हे.

डांबराची उपमाही मान्य. मी सांभाळायचो त्या एका छोट्या संस्थेची साइट मागे अशीच कुणीतरी 'रंगवली' होती. काळं पान, हिरवी अक्षरं आणि उघडताक्षणी ठणाणा वाजणारं गाणं. बदललेली फाइल एकच, मुखपृष्ठाची. बॅकअपवरून तासाभरात सगळं जागेवर आलं. गाणं मात्र दिवसभर डोक्यातून जाईना.

पण दार कुणाचं, हेही बघा की. ट्युनिशियात यूट्यूबसुद्धा बंद होतं. अडवलेली साइट उघडली की 'पान सापडलं नाही' (एरर 404) एवढंच दिसायचं. लोकांनी या सेन्सॉरचं बारसंच करून टाकलं होतं, 'अम्मार 404'. जे सरकार दुसऱ्यांची पानं गायब करतं, त्याचंच पान बदललेलं पाहून तिथल्या माणसाला काय वाटलं असेल? त्याला मी निव्वळ नासधूस म्हणणार नाही.

आणि तुमच्या प्रतिक्रियेत जे आलंच नाही, ते मला सगळ्यात मोठं वाटतं. त्या दिवसांत तिथे फेसबुक, जीमेल किंवा याहूचं लॉगिन पान उघडलं की वाटेतच त्यात जावास्क्रिप्टच्या (म्हणजे पानात आपोआप चालणाऱ्या कोडच्या) काही ओळी घुसवल्या जात. तुम्ही पासवर्ड टाकून बटण दाबलं की तो 'वूडहेड' असं काहीसं नाव असलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या पत्त्याकडे जाई. पत्ता खोटा असला म्हणून काय झालं? विनंती देशातल्या सरकारी यंत्रणेतूनच जायची, वाटेत टिपून घेतली की काम झालं. मग कुणाचं अकाउंट जाई, कुणाचं पान पुसलं जाई. यावर अनॉनिमसच्या गोटातून फायरफॉक्ससाठी एक चिमुकली स्क्रिप्ट वाटली गेली. या ओळी पानातून उपटून टाकायच्या, एवढंच तिचं काम. पुढे फेसबुकनेही तिथल्या लोकांसाठी एचटीटीपीएस, म्हणजे वाटेत कुणाला वाचता किंवा बदलता न येणारी कुलूपबंद जोडणी, सक्तीचं केलं. स्क्रिप्टचा काही फोटो निघत नाही, डांबर फासलेल्या दाराचा निघतो. मीही लेखात दाराचाच लावला होता.

मुखवट्याबद्दल तुम्ही बरोबर आहात, कदाचित तुम्हाला वाटतं त्याहून जास्त. त्या हल्ल्यांतला एक मोहरा, 'साबू', म्हणजे न्यूयॉर्कचा हेक्टर मॉन्सेगर. जून 2011 मध्ये तो पकडला गेला आणि पुढे कित्येक महिने एफबीआयसाठी आपल्याच साथीदारांवर नजर ठेवत राहिला. आणि ट्युनिसमध्ये? 6 जानेवारीला पोलिसांनी उचललं ते स्लिम अमामूसारख्या, स्वतःच्या नावाने लिहिणाऱ्या ब्लॉगरला. बाहेरच्यांनी मुखवटा घालून दगड मारायचे आणि आतल्यांनी उघड्या तोंडाने कोठडीत जायचं, हा हिशेब मलाही पटत नाही. (अमामू आठवड्याभरात सुटला आणि बेन अली गेल्यावर थेट नव्या सरकारात राज्यमंत्री झाला. मे महिन्यात राजीनामाही देऊन मोकळा!)

लेखाचं शीर्षक आज बदललंय आणि दाराचा फोटो काढलाय. जुनं शीर्षक खाली ठेवलंय, नाहीतर तुम्ही कशावर चिडला होतात ते नव्याने वाचणाऱ्याला कळायचं नाही.