सिंह कुठाय?

नैरोबीत राहतो म्हणजे पाहुण्यांना नॅशनल पार्क दाखवणं आलंच. बरं, दाखवायला माझी ना नाही. पण गेटातून आत शिरून पाच मिनिटं होत नाहीत तोच मागच्या सीटवरून सुरू, "सिंह कुठाय?"

अहो, ११७ चौरस किलोमीटरचं जंगल आहे! दक्षिणेला कुंपणसुद्धा नाही, जनावरं मोकळ्या माळावर येतात-जातात. सिंह काय हजेरी लावून बसलाय?

समोर काळा गेंडा उभा असतो. जगात मोजके उरलेले. त्याच्या मागे चक्क शहराच्या उंच इमारती! असं दृश्य दुसरीकडे कुठे मिळणार? पण नाही. "हा झाला बघून, पुढे चला." जिराफ? "ते राणीच्या बागेत असतं ना." (तिथे आता आहे का, देव जाणे.) मग हत्ती हवा. या पार्कात मोकळे हत्ती नाहीत, हे मी घरी, गाडीत आणि गेटावर सांगितलेलं असतं. पार्कच्या काठावर अनाथ पिल्लांचा सांभाळ होतो, ती बघू म्हटलं तर "छोटे नकोत, मोठे दाखवा"!

आणि वर काचेतून अर्धं अंग बाहेर काढून सेल्फी. गाडीतून उतरू नका, ओरडू नका, हे नियम बहुधा माझ्यासाठीच लिहिलेत. एवढ्यात ड्रायव्हरला कुणीतरी फोनवर सिंहाची खबर देतं. धुरळा उडवत पोचावं, तर दहा गाड्यांच्या गराड्यात झुडपामागे फक्त एक शेपूट.

मग माझ्याकडे बघतात. जणू सिंह मीच लपवलाय.