स्टँडच्या आवारात बसची धडक बसली तर केस होत नाही?

आषाढी जवळ आली की सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. यंदा तो माझ्या मावसभावानेच पाठवला : "स्टँडच्या आवारात, मैदानातल्या पार्किंगमध्ये किंवा कंपनीच्या यार्डात बस आणि मोटारसायकलची धडक झाली तर तो रोडचा अपघात धरत नाहीत. गाडी हळू असते, मुका मार बसतो. आत हेल्मेट लागत नाही. पोलीस केस होत नाही, भरपाई मिळत नाही. जागेवर मिटवून घ्या."

मी अपघातातल्या पेशंटांचं ड्रेसिंग करते. यातल्या "मुका मार" या शब्दाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण तो ऐकून माणूस दवाखान्यात न जाता घरी जाऊन झोपतो.

हमरस्त्यावर बस आदळली की दुचाकीवाला बहुतेक वेळा उडून पडतो. स्टँडवर तो गाडीसकट बसच्या कडेला आडवा होतो आणि बस चालतच राहते. वळताना बसचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, ते आतल्या बाजूने कापून जातं. पुढचं चाक गेलं, वाचलो, असं वाटतं तोवर मागचं जोडचाक पायावर आलेलं असतं. रिव्हर्स घेताना तर ड्रायव्हरला बसच्या ऐन मागचं काही दिसत नाही. सगळी भिस्त कंडक्टरच्या शिट्टीवर. बस चालत्या माणसाच्या वेगाने सरकत असली तरी चाकावर कित्येक टनांचा भार असतो.

अशा चाकाखाली कातडी खालच्या मांसापासून सुटते. कधी ती सोललेली उघड दिसते. कधी वरून नुसतं खरचटलेलं असतं, पण आत कातडीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. काही दिवसांनी ती काळी पडते, काढून टाकावी लागते आणि मांडीची कातडी घेऊन तिथे लावावी लागते. कंबरेखालचं हाड मोडलं तर आत लिटरभराहून जास्त रक्त साचू शकतं, बाहेर थेंबही नाही. पेशंट बोलत असतो, पाणी मागत असतो. स्नायू चिरडले असतील तर लघवी काळ्या चहासारखी होते आणि किडनी धोक्यात येते. याला मुका मार म्हणायचं?

हेल्मेटचं थोडक्यात सांगते. दुचाकीवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्यावरून ते खाली आलं तर काँक्रीटवर ताशी 19 किलोमीटरच्या वेगाने आपटतं, गाडी उभी असली तरी. पाय हेल्मेटने वाचत नाहीत हे खरं, डोकं वाचतं.

आता "रोडचा अपघात नाही". दवाखान्याच्या नोंदींसाठी जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरतात, त्या आयसीडी-10 मध्ये सार्वजनिक रस्त्याबाहेरच्या धडकेला वेगळा कोड आहे. पण तो नोंदीपुरता. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 2(34) सार्वजनिक जागेची व्याख्या देतं, आणि टप्पा वाहतुकीच्या, म्हणजे एसटीसारख्या, बसमध्ये प्रवासी जिथे चढतात-उतरतात तो स्टँड त्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत आहे. वारीसाठी काळ्या मातीच्या मैदानावर उभं केलेलं तात्पुरतं स्थानकही त्यात बसतं. हेल्मेटची सक्तीही सार्वजनिक जागेसाठी आहे, म्हणजे स्टँडवरही.

गेटबंद यार्डाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे विमा कंपनी वाद घालू शकते, हे मान्य. पण भरपाईचं न्यायाधिकरण त्याच कायद्याच्या ज्या कलम 165 खाली काम करतं, ते "मोटार वाहनाच्या वापरातून" झालेल्या इजेबद्दल बोलतं, रस्त्याची अट घालत नाही. कामावरच्या कामगारासाठी 1923 चा भरपाई कायदा वेगळाच आहे.

पोलीस केसचंही तेच. भरधाव वाहन चालवण्याचं कलम सार्वजनिक मार्गापुरतं आहे, त्यावरूनच हा गैरसमज पसरला असावा. निष्काळजीपणाने इजा केल्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम 125 आणि मृत्यू झाल्यास कलम 106, या दोन्हींत जागेची अट नाही.

म्हणून जागेवर मिटवू नका. हातात पडलेल्या दोन-पाच हजारांत कातडी लावायचं ऑपरेशन होत नाही. बसचा नंबर आणि चाकांची जागा दिसेल असे फोटो काढा, जखमीला उभं करून चालवून बघू नका, 108 ला फोन करा. दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद, करून घ्या आणि अपघाताची जागा नेमकी लिहायला सांगा : स्टँडचं आवार, अमुक फलाट. "गाडीवरून पडला" एवढंच लिहिलं गेलं तर पुढे बस होती हेच सिद्ध करत बसावं लागतं. भरपाईच्या अर्जाला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, आणि मांडीची कातडी पायावर धरेपर्यंतच त्यातले बरेच दिवस निघून जातात.