देखभालकर्त्याची सुखरूप निवृत्ती

ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही फुकट वापरता येणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाची देखभाल दुसऱ्याच्या स्वाधीन करावी असे आपल्या मनाने घेतले असेल, तर पहिली दक्षता ही घ्यावी की त्याचा सुगावा कोणालाही लागू नये. ज्या कंपन्या आपले पॅकेज वर्षानुवर्षे फुकट वापरत आहेत, त्यांच्याकडे मदतीचा शब्द टाकला तर त्या अवघडतील, आणि पाहुण्याला अवघडवणे इंदूरच्या मराठी घरात बसत नाही. आपण फक्त थकावे. इश्यूंना, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारींना, उत्तरे देणे थांबवावे, पुल रिक्वेस्ट, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या, तशाच पडू द्याव्यात. मग एखादा अनोळखी सज्जन आपणहून पुढे येतोच.

त्याची चौकशी मात्र करू नये. पुतणीला स्थळ सांगून आले की देवासपासून ग्वाल्हेरपर्यंत ओळखी काढून मुलाच्या आत्याचे सासर हुडकणारी आपण माणसे. पण येथे समोरच्याचे खरे नाव विचारणे हासुद्धा अविश्वास ठरेल. होळकरांनी या बाबतीत फारच वेळ दवडला. तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली, आणि वारस पोटचा मुलगा असूनही यशवंतरावांना पूर्ण अधिकार मिळायला १९३० उजाडले. आपण नव्या आवृत्त्या प्रकाशित करण्याचे अधिकार त्याच संध्याकाळी देऊन मोकळे व्हावे. एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातल्या इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या लेखकाने ईमेलवरून विचारणा करणाऱ्या एका इसमाला ते असेच देऊन टाकले होते. २०१८ मध्ये त्या नव्या धन्याने फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाचे आणखी एक पॅकेज आत घुसवले आणि एका बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारण्याची सोय करून ठेवली.

एक्सझेड युटिल्स या फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचा कित्ता तर याहून सरस आहे. थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याला २०२२ मध्ये काही खाती टोचत राहिली की झेपत नसेल तर दुसरा माणूस नेमा; ज्याला पुढे अधिकार मिळाले, त्याने बराच काळ शहाण्यासारखे काम केले आणि २०२४ मध्ये ५.६.० या आवृत्तीत चोरवाट ठेवली. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने, लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो, हे एका अभियंत्याला खटकले म्हणून ती उघडकीस आली. असे खटकून घेणारे लोक जगात असतातच, तेव्हा आपण निर्धास्त राहावे.

लेखी काहीही ठेवू नये. रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, काढणारी स्क्रिप्ट रामबागेतल्या घरच्या जुन्या लॅपटॉपवरच चालते, तिच्यात आपल्या होम फोल्डरचा पत्ता जसाच्या तसा टाकलेला आहे आणि मधेच कोठेतरी ‘ही ओळ काढू नये’ एवढीच टीप आहे, हे नव्या माणसाला स्वानुभवातून कळू द्यावे. आवृत्ती अस्सल असल्याच्या डिजिटल सहीसाठी त्याने स्वतःची नवी किल्ली बनवावी असा आग्रह धरण्यापेक्षा आपलीच, पासफ्रेजसकट, व्हॉट्सॲपवर धाडावी. डोमेनचे नूतनीकरण भाच्याच्या कार्डावरून होते आणि त्या कार्डाची मुदत संपत आली आहे, ही बाब अगदीच किरकोळ आहे.

एवढे उरकल्यावर रीडमी या प्रकल्पाच्या माहितीच्या फायलीतला आपला ईमेल काढायला तेवढे विसरावे. पुढे काही घडलेच, तर रात्री दोन वाजता कंपन्यांनी कोणाला उठवायचे, हा प्रश्न उरत नाही.